युनिक्स प्रणालीचे अध्ययनग्रंथ

युनिक्स ही संगणकाची प्रचालन प्रणाली आणि तिच्यातील आज्ञावली-लेखन शिकण्यासाठी लिहिले गेलेले प्रमुख ग्रंथ. संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, साठवणीच्या चकत्या आणि अन्य उपकरणे यांचा वापर अनेक आज्ञावल्यांत वाटून देणाऱ्या, तसेच वापरणाऱ्यास उपकरणांच्या बारकाव्यांत न शिरता काम करता यावे अशी सोय करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसमूहास प्रचालन प्रणाली म्हणतात. युनिक्स ही अशी प्रणाली अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत १९६९ पासून आकारास आली. लिनक्स, ॲपल कंपनीची मॅकओएस आणि लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली अँड्रॉइड या प्रणाली तिच्याच परंपरेतील असल्यामुळे तिच्यावरील ग्रंथांचे महत्त्व पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे.

या ग्रंथांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. प्रचालन प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत तिच्या कर्त्यांनी लिहिलेला तिचा प्रत्यक्ष पाठ, विद्यार्थ्यास वाचावयास मिळावी की नाही, हा तो प्रश्न होय. संहिता खुली असताना तिच्यावर भाष्ये लिहिली गेली. ती बंद झाली तेव्हा तिचे वर्णन करणारे ग्रंथ आले, आणि वर्णनाने भागेना तेव्हा केवळ शिकविण्यासाठी नव्या प्रणाली रचण्यात आल्या. लिनक्सच्या उगमाशीही अशाच एका पाठ्यपुस्तकाचा निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी : मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम्.आय्.टी.), जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी मल्टिक्स या विशाल प्रणालीचा प्रकल्प संयुक्तपणे हाती घेतला होता. बेल लॅबोरेटरीज १९६९ मध्ये त्यातून बाहेर पडली. त्यानंतर तेथील केनेथ टॉम्पसन (जन्म १९४३) आणि डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर एक छोटी प्रणाली तयार केली. तीच युनिक्स होय. पुढे ती पीडीपी-११ या संगणकावर नेण्यात आली व १९७३ मध्ये रिची यांनी विकसित केलेल्या सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आली. त्या काळी प्रचालन प्रणाली सामान्यतः विशिष्ट संगणकाच्या असेंब्ली भाषेत लिहिल्या जात. सी भाषेमुळे युनिक्सचा पाठ दुसऱ्या संगणकांवर नेणे शक्य झाले आणि तो वाचणेही पुष्कळ सोपे झाले.

रिची व टॉम्पसन यांचा या प्रणालीवरील निबंध अमेरिकेतील असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेच्या मासिकात जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. बेल लॅबोरेटरीजची मालक कंपनी अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ (ए.टी. अँड टी.) हिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने दळणवळणाबाहेरचा व्यवसाय करण्यास बंधन होते. परिणामी युनिक्स नाममात्र शुल्कात, मूळ संहितेसह, पण दुरुस्तीची वा साहाय्याची कोणतीही हमी न देता विद्यापीठांना देण्यात येई. अडचण आल्यास विचारण्यासारखे कोणी नसल्याने वापरणाऱ्यांना संहिता वाचणे भागच पडे.

निर्देशपुस्तिका : युनिक्सचे पहिले पुस्तक म्हणजे तिची निर्देशपुस्तिका. टॉम्पसन व रिची यांनी लिहिलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक आहे. आज्ञा, सिस्टीम कॉल (आज्ञावलीने प्रणालीच्या गाभ्याकडे करावयाच्या मागण्या), उपआज्ञावल्या, उपकरणांच्या विशेष फाइली, फाइलींच्या रचना इ. विभागांत ती मांडलेली होती. प्रत्येक नोंदीत नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली आणि अन्य नोंदींचे निर्देश असा ठराविक क्रम असे. ज्ञात उणिवांसाठीही स्वतंत्र मथळा होता. आपल्या कामातील दोष त्या कामाच्या वर्णनातच नोंदविण्याच्या या प्रथेमुळे लेखकाला नोंद लिहिताना आज्ञावली पुन्हा तपासावी लागे. संशोधन विभागाचे प्रमुख डग्लस मॅकिलरॉय (जन्म १९३२) यांनी पुढील आवृत्त्यांचे संपादन करून नोंदींना नेमकेपणा आणला.

पुस्तिका आणि प्रणाली यांचा संबंध इतका घट्ट होता की, प्रणालीचे टप्पे पुस्तिकेच्या आवृत्तीवरूनच ओळखले जातात. ‘सहावी आवृत्ती’ (१९७५) वा ‘सातवी आवृत्ती’ (१९७९) असे म्हटले, की त्या आवृत्तीच्या पुस्तिकेत वर्णिलेली प्रणाली असा त्याचा अर्थ होतो. सातव्या आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात नवशिक्यांसाठीचे पाठ आणि साधनांवरील निबंध एकत्र केलेले आहेत. पुस्तिकेच्या नोंदी पडद्यावर दाखविणारी ‘मॅन’ ही आज्ञा युनिक्स परंपरेतील प्रणालींत आजही असते.

सी भाषेचा ग्रंथ : ब्रायन कर्निगन (जन्म १९४२) आणि रिची यांचा द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज (१९७८) हा ग्रंथ या परंपरेतील सर्वाधिक प्रसार पावलेला होय. कर्निगन यांनी आधी सी भाषेचा एक छोटा पाठ लिहिला होता. त्याला विस्तृत रूप देऊन आणि रिची यांनी लिहिलेले भाषेचे नेमके विवरण परिशिष्टात घालून अवघ्या २२८ पृष्ठांचा हा ग्रंथ सिद्ध झाला. लहान पण पूर्ण आज्ञावली देणे, ती लगेच चालवून पाहावयास लावणे आणि तीत पायरीपायरीने सुधारणा करणे, ही त्याची पद्धती पुढील असंख्य पाठ्यपुस्तकांनी उचलली. आठव्या प्रकरणात युनिक्सचे सिस्टीम कॉल आणि त्यांच्या साहाय्याने फाइल वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञावल्या आल्या आहेत. त्यामुळे भाषेचा हा ग्रंथ प्रणालीचाही प्रवेशग्रंथ ठरला. अमेरिकन राष्ट्रीय मानक १९८९ मध्ये संमत होईपर्यंत त्याचे परिशिष्टच भाषेचे मानक मानले जाई. नव्या मानकास अनुसरून दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये निघाली. पहिल्या आवृत्तीची अक्षरजुळणी लेखकांनी स्वतः युनिक्स चालणाऱ्या पीडीपी-११ संगणकाला जोडलेल्या छायाक्षरजुळणी यंत्रावर केली होती. ज्या प्रणालीविषयी लिहावयाचे, तिच्यावरच पुस्तक घडवावयाचे, ही रीत पुढील लेखकांनीही पाळली.

लायन्स यांचे भाष्य : ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स (१९३७–९८) हे प्रचालन प्रणाली हा विषय शिकवीत. प्रचालन प्रणाली शिकविताना सर्वसाधारण तत्त्वे सांगावीत वा एखादी लुटुपुटीची प्रणाली करून घ्यावी, असे दोन मार्ग तेव्हा रूढ होते. प्रत्यक्ष वापरातील संपूर्ण प्रणाली ओळीओळीने वाचणे हा तिसरा मार्ग लायन्स यांनी निवडला. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजार ओळींहून लहान असल्यामुळे हे शक्य झाले. त्यांनी संहितेचे भाग विषयवार लावून प्रत्येक ओळीस क्रमांक दिला व तिची एक पुस्तिका छापली. दुसऱ्या पुस्तिकेत त्या क्रमांकांच्या आधारे संहितेचे भाष्य दिले (१९७७).

संहिता समोर ठेवून तिचा अर्थ लावीत जाणारे हे भाष्य मूळ कर्त्यांच्या चुकांवरही बोट ठेवते. कोणता भाग आडवळणाने लिहिला आहे आणि कोठे अधिक चांगला पर्याय शक्य होता, हे विद्यार्थ्यास त्यात दिसते. एका प्रक्रियेकडून दुसरीकडे प्रक्रियकाचा ताबा सोपविणाऱ्या भागात मूळ कर्त्यांनी, वाचकाला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा आशयाची टीप लिहून ठेवली होती. ही टीप पुढे फार प्रसिद्ध झाली. तेथील मांडणीच मुळात सदोष होती आणि ती आपल्यालाही पुरती उमगलेली नव्हती, असे रिची यांनी नंतर स्पष्ट केले. निष्णात कर्त्यांचे लेखनही तपासून पाहावे लागते, हा धडा विद्यार्थ्यांना मूळ पाठ समोर असल्यामुळेच मिळू शकला.

परवान्याचे निर्बंध : सातवी आवृत्ती प्रसृत होईपर्यंत युनिक्सचे व्यापारी मूल्य ए.टी. अँड टी. कंपनीच्या ध्यानी आले होते. त्या आवृत्तीच्या परवान्यानुसार मूळ संहिता अभ्यासक्रमात शिकविण्यास मनाई करण्यात आली. लायन्स यांच्या पुस्तिकांचे वितरणही परवानाधारकांपुरते मर्यादित झाले. कंपनीचे विभाजन १ जानेवारी १९८४ रोजी अंमलात आले व १९५६ चे बंधन दूर झाले. तत्पूर्वीच, १९८३ मध्ये, सिस्टीम फाइव्ह ही व्यापारी आवृत्ती बाजारात आली होती. प्रणालीचा पाठ ही आता विक्रीची मालमत्ता झाली.

कंपनीच्या बाजूने पाहता हा निर्णय समजण्यासारखा होता. संशोधनावर खर्च तिने केला होता व संहिता उघड राहिली असती, तर व्यापारी गुपित म्हणून तिला संरक्षण मिळाले नसते. शिक्षणाची मात्र त्यामुळे मोठी हानी झाली. अनेक विद्यापीठांनी प्रत्यक्ष प्रणालीचे अध्यापन सोडून केवळ सिद्धांत शिकविण्यास प्रारंभ केला. लायन्स यांचे भाष्य छायाप्रतींच्या रूपाने आणि छायाप्रतींवरून काढलेल्या पुसट छायाप्रतींच्या रूपाने जगभर हातोहात फिरत राहिले. रीतसर प्रकाशनास परवानगी मिळून ते ग्रंथरूपाने निघाले, तेव्हा १९९६ साल उजाडले होते.

वर्णनात्मक ग्रंथ : संहिता छापता येत नसली, तरी प्रणाली कशी चालते हे सांगता येत होते. या मर्यादेत लिहिला गेलेला श्रेष्ठ ग्रंथ म्हणजे मॉरिस बाक यांचा द डिझाइन ऑफ द युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीम (१९८६). सिस्टीम फाइव्हच्या गाभ्यातील प्रत्येक महत्त्वाची कृती बाक यांनी सी भाषेत न देता तिच्या पायऱ्यांच्या रूपाने मांडली. चकतीवरील मजकूर स्मृतीत साठवून ठेवणारी व्यवस्था, फाइलींची अंतर्गत रचना, प्रक्रियांची निर्मिती व क्रमवारी आणि स्मृतीचे व्यवस्थापन हे विषय त्यात आकृत्यांसह क्रमाने उलगडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत विकसित झालेल्या बी.एस्.डी. या युनिक्सच्या शाखेचे असेच वर्णन सॅम्युएल लेफ्लर, मार्शल मॅक्यूसिक, मायकेल कॅरल्स आणि जॉन क्वार्टरमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. एखादी रचना का निवडली आणि कोणती का टाकली, याची कारणे प्रत्यक्ष कर्त्यांकडून कळणे हे त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय.

वापर व आज्ञावली-लेखन यांवरील ग्रंथ : कर्निगन आणि रॉब पाइक यांचा द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट (१९८४) हा ग्रंथ गाभ्याकडे न वळता प्रणाली वापरण्याची दृष्टी देतो. एक काम नीट करणाऱ्या लहान आज्ञावल्या लिहाव्यात आणि त्या एकमेकींना जोडून मोठी कामे साधावीत, हे त्याचे सूत्र. एकीचे निष्पन्न दुसरीचे आदान व्हावे अशी ‘पाइप’ म्हणजे नळीची योजना मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली होती. या ग्रंथात तिचा पुरेपूर उपयोग केलेला दिसतो. शेल म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडून घेणारी आज्ञावली. तिच्यापासून आरंभ करून लेखक वाचकाला मजकूर गाळणारी साधने, सिस्टीम कॉल आणि शेवटी एका लहान संगणकीय भाषेची संपूर्ण रचना येथवर नेतात.

सिस्टीम कॉल या विषयाला वाहिलेला मार्क रॉकाइंड यांचा ॲडव्हान्स्ड युनिक्स प्रोग्रॅमिंग हा ग्रंथ १९८५ मध्ये आला. याच सुमारास युनिक्सच्या अनेक शाखा परस्परांपासून दूर जाऊ लागल्या होत्या. एका शाखेवर लिहिलेली आज्ञावली दुसरीवर चालेलच, अशी खात्री उरली नव्हती. त्यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक निश्चित करण्यात आले.

मानक आणि प्रत्यक्ष व्यवहार यांचा मेळ घालण्याचे काम रिचर्ड स्टीव्हन्स (१९५१–९९) यांनी केले. युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग (१९९०) या ग्रंथात त्यांनी संगणक-जालावर चालणाऱ्या आज्ञावल्यांचे लेखन शिकविले, तर ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट (१९९२) या ग्रंथात सिस्टीम कॉलचे सर्वांगीण विवेचन केले. मानक काय सांगते आणि प्रत्यक्षातील शाखा काय करतात, हे ते शेजारीशेजारी ठेवतात. जवळजवळ प्रत्येक विधानामागे चालवून पाहिलेली छोटी आज्ञावली असते. स्टीव्हन्स यांच्या निधनानंतर स्टीफन रेगो यांनी या दुसऱ्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या २००५ व २०१३ मध्ये सिद्ध केल्या.

अध्यापनासाठी रचलेल्या प्रणाली : युनिक्सची संहिता वर्गात नेता येत नसेल, तर तशी दुसरी प्रणाली स्वतःच लिहावी, असा विचार काही प्राध्यापकांनी केला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे डग्लस कोमर यांनी झिनू ही लहान प्रणाली संहितेसह १९८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ॲम्स्टरडॅम येथील व्ह्रायं विद्यापीठाचे अँड्र्यू टॅननबाउम (जन्म १९४४) यांचा ऑपरेटिंग सिस्टिम्स : डिझाइन अँड इंप्लिमेंटेशन हा ग्रंथ १९८७ मध्ये आला. त्यासाठी त्यांनी मिनिक्स ही प्रणाली रचली होती. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती सातव्या आवृत्तीसारखी होती, पण तीत ए.टी. अँड टी. कंपनीची एकही ओळ नव्हती. तिच्या संहितेपैकी सुमारे बारा हजार ओळी ग्रंथातच छापलेल्या होत्या. ती आय्.बी.एम्. कंपनीच्या स्वस्त वैयक्तिक संगणकावर चाले व फ्लॉपी चकत्यांवर विकत मिळे.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स (जन्म १९६९) यांनी हा ग्रंथ १९९० मध्ये अभ्यासला आणि पुढील वर्षी आपल्या संगणकावर मिनिक्स चालविली. मिनिक्स साधी व शिकविण्याजोगी राहावी म्हणून टॅननबाउम तीत फार भर घालू देत नसत. टॉर्व्हाल्ड्स यांना मात्र आपल्या संगणकाची पूर्ण क्षमता वापरावयाची होती. त्यांनी स्वतंत्र गाभा लिहावयास घेतला व १९९१ मध्ये तो प्रसृत केला. तोच लिनक्स होय. जानेवारी १९९२ मध्ये या दोघांत गाभ्याच्या रचनेवरून जाहीर वाद झाला. सर्व कार्ये एकाच अखंड गाभ्यात ठेवणारी लिनक्सची रचना टॅननबाउम यांना कालबाह्य वाटत होती, तर कार्ये वेगळ्या प्रक्रियांत विभागणारी मिनिक्सची रचना टॉर्व्हाल्ड्स यांना अपुरी वाटत होती. लिनक्सला १९९२ मध्ये ग्नू सार्वजनिक परवाना लागू झाला. संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि त्याच अटींवर पुढे देण्याचा हक्क तो सर्वांना देतो.

पद्धतींची तुलना : एकच विषय या ग्रंथांनी कसा हाताळला, हे ‘फोर्क’ या सिस्टीम कॉलच्या उदाहरणावरून दिसते. फोर्कमुळे चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रतिकृती निर्माण होते. मूळ प्रक्रियेस उत्तरादाखल अपत्य-प्रक्रियेचा क्रमांक मिळतो व अपत्यास शून्य मिळते. निर्देशपुस्तिका एवढे सांगून थांबते. लायन्स यांच्या पुस्तिकांत प्रक्रियांच्या कोष्टकातील नोंदीची नक्कल होताना, उघड्या फाइलींचे वापर-अंक वाढताना आणि स्मृतीत जागा नसल्यास प्रतिकृती चकतीवर ठेवली जाताना प्रत्यक्ष ओळींत पाहावयास मिळते. बाक हीच कृती क्रमबद्ध पायऱ्यांत सांगतात. टॅननबाउम यांच्या प्रणालीत हे काम स्मृती-व्यवस्थापक ही स्वतंत्र प्रक्रिया करते आणि संदेश पाठवून गाभ्यास व फाइल-व्यवस्थापकास कळविते.

स्टीव्हन्स यांची रीत निराळी आहे. ते फोर्कपूर्वी एक ओळ छापणारी आज्ञावली देतात. ती पडद्यावर चालविली, तर ती ओळ एकदाच दिसते. निष्पन्न फाइलमध्ये वळविले, तर मात्र तीच ओळ दोनदा येते. पडद्याकडे जाणारा मजकूर ओळ संपताच बाहेर पडतो, पण फाइलकडे जाणारा मजकूर आधी स्मृतीत साठवून ठेवला जातो. फोर्कच्या वेळी त्या साठ्याचीही प्रतिकृती होते व दोन्ही प्रक्रिया आपापली प्रत लिहितात. फोर्कने स्मृतीची नक्कल होते या वाक्याचा अर्थ या प्रयोगाने मनावर जसा ठसतो, तसा तो केवळ वर्णनाने ठसत नाही.

खुल्या संहितेचा काळ : बी.एस्.डी. शाखेच्या संहितेवरून चाललेला न्यायालयीन वाद १९९४ मध्ये मिटला आणि तिची निर्वेध आवृत्ती उपलब्ध झाली. लगेच १९९५ मध्ये गॅरी राइट व स्टीव्हन्स यांनी टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात तिच्यातील संगणक-जालाच्या भागाच्या सुमारे पंधरा हजार ओळी छापून त्यांवर भाष्य केले. लायन्स यांची पद्धती अशा रीतीने रीतसर प्रकाशनात परतली. लिनक्सच्या गाभ्यावर डॅनिएल बोव्हेत व मार्को चेझाती (२००० पासून) आणि रॉबर्ट लव्ह (२००३ पासून) यांचे ग्रंथ निघाले. वापर आणि आज्ञावली-लेखन या अंगाने मायकेल केरिस्क यांचा द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस (२०१०) हा दीड हजारांवर पृष्ठांचा ग्रंथ प्रमाणभूत मानला जातो. केरिस्क हे अनेक वर्षे लिनक्सच्या निर्देशपुस्तिकेचे संपादक होते. त्यामुळे १९७१ च्या पुस्तिकेची परंपरा या ग्रंथात येऊन मिळते.

संहिता खुली झाल्यावर नवी अडचण उद्भवली. लिनक्सचा गाभा कोट्यवधी ओळींचा झाला असून एका व्यक्तीने तो एका शैक्षणिक सत्रात वाचून काढणे अशक्य आहे. एम्.आय्.टी. येथे २००२ पासून काही वर्षे सहावी आवृत्ती व लायन्स यांचे भाष्य हीच साधने वापरून प्रचालन प्रणाली शिकविण्यात आली. तथापि पीडीपी-११ संगणक विद्यार्थ्यांना अपरिचित झाला होता. म्हणून तेथील अध्यापकांनी २००६ मध्ये सहाव्या आवृत्तीची रचना आधुनिक सी भाषेत आणि प्रचलित प्रक्रियकासाठी पुन्हा लिहिली. एक्सव्ही-६ या नावाची ही प्रणाली भाष्यासह सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. संहिता वाचनीय राहण्यासाठी ती खुली असणे जितके आवश्यक, तितकेच ती आटोपशीर असणेही आवश्यक असते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

भारतातील प्रसार : कर्निगन-रिची, कर्निगन-पाइक, बाक आणि टॅननबाउम यांचे ग्रंथ प्रेंटिस-हॉल ऑफ इंडिया या संस्थेच्या स्वस्त आवृत्त्यांमुळे भारतीय विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. भारतीय लेखकांपैकी सुमिताभ दास यांचा युनिक्स : कॉन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स हा ग्रंथ महाविद्यालयांत रुळला. नागपूरचे यशवंत कानेटकर यांची लेट अस सी व युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग ही पुस्तके सोप्या, संवादी मांडणीमुळे लोकप्रिय झाली. मराठी वाचकांना परिचित असलेले लेखक अच्युत गोडबोले यांनीही ऑपरेटिंग सिस्टिम्स हे इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिले आहे. हे सर्व ग्रंथ इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास विषय आणि भाषा अशा दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागतात.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक बाब लक्षणीय आहे. जगातील लिप्या संगणकावर साठविण्याची यूटीएफ-८ ही संकेतपद्धती टॉम्पसन आणि पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रचली. महाजालावरील देवनागरी मजकूर बहुतांशी याच पद्धतीने साठविला जातो. जुन्या ग्रंथांतील आज्ञावल्या एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गृहीत धरतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी सी भाषेतील ‘स्ट्रलेन’ या फलनास विचारल्यास उत्तर पंधरा येते. म, र, ठ आणि दोन स्वरचिन्हे मिळून पाच चिन्हे होतात, वाचणाऱ्याला मात्र तीन अक्षरे दिसतात. या ग्रंथांवरून शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा.

अध्ययनक्रम : हे ग्रंथ प्रकाशनाच्या क्रमाने वाचण्याची आवश्यकता नाही. प्रारंभी कर्निगन व पाइक यांच्या ग्रंथावरून शेल आणि लहान साधने यांचा परिचय करून घेणे इष्ट ठरते. त्यातील सी भाषेची धाटणी जुनी असल्याने भाषेसाठी कर्निगन व रिची यांची दुसरी आवृत्ती वापरावी आणि तीतील स्वाध्याय प्रत्यक्ष सोडवावेत. त्यानंतर स्टीव्हन्स व रेगो यांची तिसरी आवृत्ती अथवा केरिस्क यांचा ग्रंथ घ्यावा. अनेक शाखांवर चालणाऱ्या आज्ञावल्या लिहावयाच्या असतील तर पहिला, लिनक्सपुरते काम असेल तर दुसरा अधिक उपयुक्त आहे.

गाभ्याच्या अभ्यासासाठी एक्सव्ही-६ ची संहिता भाष्यासह वाचणे हा सर्वांत जवळचा मार्ग होय. तत्त्वांच्या आकलनास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रेम्झी व अँड्रिया आर्पाची-डुसो यांचा विनामूल्य उपलब्ध असलेला ऑपरेटिंग सिस्टिम्स : थ्री ईझी पीसेस हा ग्रंथ साहाय्यभूत होतो. बाक यांच्या ग्रंथातील प्रणाली आता प्रचारात नाही. अनेक प्रक्रियक असलेल्या संगणकांच्या आजच्या समस्याही त्यात थोडक्यातच येतात. फाइलींची रचना व प्रक्रियांचे व्यवस्थापन यांवरील त्याची प्रकरणे मात्र अद्याप वाचनीय आहेत. लव्ह आणि बोव्हेत-चेझाती यांच्या ग्रंथांतील लिनक्सचा तपशील पुष्कळसा बदललेला असल्याने ते चालू संहिता शेजारी ठेवूनच वाचावेत. कोणताही ग्रंथ घेतला, तरी त्यातील आज्ञावली स्वतः लिहून, चालवून आणि मुद्दाम बिघडवून पाहिल्याखेरीज हा विषय आत्मसात होत नाही. लायन्स यांच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी विद्यापीठाच्या संगणकाची गरज होती. आता साध्या वैयक्तिक संगणकावरही संपूर्ण प्रणाली तिच्या मूळ संहितेसह तपासता येते.